प्रतिपालकत्वातलं मूल आणि त्याची शाळा: नाशिकमधल्या पालक कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

प्रतिपालकत्वात, म्हणजे दत्तक न घेता काही काळ सांभाळायला, मूल आमच्याकडे आलं म्हणजे त्याची शाळा बदलायलाच हवी का?

नाही. घर बदललं की शाळा बदलणारच, असं धरून बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या मागे लागतात. गडबड तिथूनच सुरू होते. अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती म्हणजे बालकल्याण समिती, आणि तिचा आदेश मुलाने कोणाकडे राहायचं याबद्दल असतो. त्यामुळे शाळेच्या पटावरून नाव आपोआप कमी होत नाही. कोणी दाखला काढेपर्यंत मूल जुन्याच शाळेचं असतं.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे मुलाचं शिक्षण, आरोग्य आणि पोषण ही पालक कुटुंबाची, म्हणजे मूल सांभाळणाऱ्या तुमची, जबाबदारी आहे. शाळा कोणती, ते कायद्यात नाही. ते मुलाच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात, म्हणजे नमुना ७ मध्ये यायला हवं. तो रकाना बरेचदा ‘शिक्षण चालू ठेवावे’ एवढ्यावर उरकलेला असतो. तसा दिसला तर सही करण्याआधी थांबा आणि शाळेचं नाव, इयत्ता, तुकडी, माध्यम हे सगळं त्यात लिहून घ्या.

अमेरिकेत अशा मुलांना मूळ शाळेतच राहण्याचा हक्क आहे असं वाचलं. तसा आपल्याकडे आहे का?

तिथे २०१५ च्या शिक्षण कायद्याने तो दिला आहे. मुलाच्या हिताचं नसेल तरच शाळा बदलायची, बदललीच तर कागदपत्रांची वाट न पाहता लगेच प्रवेश द्यायचा, आणि ने-आण कशी होणार व तिचा खर्च कोण करणार हे शाळा-प्रशासन आणि बालकल्याण यंत्रणेने मिळून लेखी ठरवायचं. आपल्याकडे असं वेगळं कलम नाही. आपल्याकडे दोन धागे आहेत: बाल न्याय कायद्यातलं ‘मुलाचं सर्वोत्तम हित’ आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली प्रवेशाची व बदलीची कलमं. ते जोडण्याचं काम समितीच्या आदेशाने करून घ्यावं लागतं. न मागता कोणी करून देत नाही.

मग जुनी शाळा ठेवायची की नवी घ्यायची, हे ठरवायचं कसं?

आधी वेळ मोजा, किलोमीटर नंतर. सकाळच्या गर्दीत, कामाच्या दिवशी, दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत एकदा स्वतः जाऊन या. चौथीपर्यंतच्या मुलाला एका बाजूला पाऊण तासापेक्षा जास्त प्रवास रोज झेपत नाही. पहिले पंधरा दिवस उत्साहात जातात, मग पोटदुखी सुरू होते. आठवी-नववीचं मूल तासभर काढू शकतं, बस एकच असेल तर.

मूल पंचवटीतल्या शाळेत आहे आणि तुमचं घर म्हसरूळला आहे. दिंडोरी रस्त्याने एका बसचं काम. शाळा बदलायला काही कारणच नाही. आता मूल भगूरला तिसरीत आहे आणि घर सातपूरला, असं धरा. आधी नाशिकरोड, मग द्वारकेची कोंडी ओलांडून सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), तिथून पुढे सातपूर. हे रोज दोन वेळा सात-आठ वर्षांच्या मुलाने करायचं नाही. इथे शाळा बदलणं बरं, पण कधी, हे पुढच्या हिशोबावर ठरतं.

जून आणि दिवाळीची सुट्टी ही बदलाची बरी ठिकाणं. फेब्रुवारी ते एप्रिल अजिबात नको. दोन महिने कसेही काढा. दहावीत तर शाळा हलवूच नका. बोर्डाचा अर्ज शाळेतूनच भरला जातो आणि बहुतेक विषयांचे २० गुण शाळेच्या हातात असतात. पाचवी आणि आठवीलाही जपा. राज्यात २०२३-२४ पासून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा आहे आणि फेरपरीक्षेतही मूल नापास झालं तर त्याच वर्गात राहतं.

मूल तुमच्याकडे किती दिवसांसाठी आहे, तेही बघा. आई दवाखान्यात आहे आणि तीन-चार महिन्यांत मूल परत जाणार, तर शाळा हलवून वर्षात दोन दाखले करण्यात अर्थ नाही. उलट जुन्या वस्तीतूनच मुलाला धोका असेल, किंवा त्या वर्गात सगळ्यांना सगळं कळून चिडवाचिडवी चालली असेल, तर सत्राच्या मध्येही शाळा बदला.

शेवटी मुलाला विचारा. ‘तुला कुठली शाळा आवडते?’ असं विचारलं तर ते तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देईल. ‘मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातोस?’ असं विचारा. पटकन एखादं नाव आलं तर ती शाळा टिकवण्यासाठी दोन बस बदलणंही परवडतं.

समितीच्या आदेशात नेमकं काय लिहून घ्यायचं?

पालक कुटुंबाकडे मूल देण्याचा आदेश नमुना ३२ मध्ये निघतो. तो टाइप होण्याआधीच जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कार्यकर्त्याला साध्या कागदावर हा मजकूर द्या:

‘सदर बालक अमुक शाळेत इयत्ता तिसरी, तुकडी ब मध्ये शिकत असून चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत त्याच शाळेत राहील. ने-आण पालक कुटुंब करेल. पालक कुटुंबास ते शक्य न झाल्यास जिल्हा बाल संरक्षण कक्ष सात दिवसांत पर्यायी व्यवस्था करेल. शाळेने बालकास खालील व्यक्तींखेरीज कोणाच्याही ताब्यात देऊ नये. शाळेने हजेरी व प्रगतीची माहिती पालक कुटुंबास द्यावी.’

खाली दोन किंवा तीन नावं, नातं आणि फोन. शेवटची दोन वाक्यं नसली की काय होतं? पालकसभेला तुम्ही जाता आणि वर्गशिक्षिका म्हणतात, ‘तुमचं नाव आमच्याकडे नाही, प्रगतिपुस्तकावर आईचीच सही लागेल.’ त्यांचंही चुकत नाही. त्यांच्याकडे कागदच नसतो.

आदेश आधीच निघाला असेल तर समितीकडे साधा अर्ज करून पुरवणी आदेश मागता येतो. महिन्यात किमान २० दिवस समितीची बैठक व्हावी असा नियम आहे, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात या’ हे उत्तर घेऊन परतू नका.

जुनी शाळा दाखला देत नाही. काय करायचं?

सगळ्यात जास्त अडकतं ते इथे.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा असतो. तो उशिरा आला म्हणून नव्या शाळेला प्रवेश रोखता येत नाही. हे पहिली ते आठवीसाठी. मात्र बदलीचा हा हक्क सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी आहे. विनाअनुदानित खासगी शाळेकडे तो दाखवून जागा मागता येत नाही. नववी-दहावीसाठी जून २०२१ च्या शासन आदेशाचा आधार आहे: दाखला नसेल तर जन्मतारखेच्या पुराव्यावर वयानुरूप प्रवेश.

शाळा अडवते त्याची कारणं दोन. खासगी शाळेत थकलेली फी. आणि मराठी शाळांत पट. शिक्षकांची पदं संचमान्यतेवर ठरतात आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर. चौथीत एकोणीसच मुलं असलेल्या शाळेला त्यातलं एक मूल सोडणंही जिवावर येतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ‘साहेब रजेवर आहेत’ हे जास्त ऐकू येतं. भांडू नका. या क्रमाने जा:

१. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज, सोबत समितीच्या आदेशाची प्रत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा.

२. त्याच आठवड्यात नव्या शाळेत आदेश आणि त्या अर्जाची प्रत देऊन मुलाला बसवा. दाखल्यासाठी घरी ठेवू नका.

३. आठ दिवसांत काही हललं नाही तर केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातल्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी. त्यानंतर तालुक्यात गटशिक्षणाधिकारी, शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, माध्यमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक).

४. तरीही नाही, तर समितीला सांगा. समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तिचं पत्र गेलं की दाखला सहसा निघतो.

कागदी दाखला हातात आला म्हणजे काम संपलं असंही नाही. सरल आणि यू-डायस प्लस या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींमध्ये मुलाचं नाव जुन्या शाळेतून सुटायला हवं. जुनी शाळा नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या ऑनलाइन यादीत, टाकते आणि नवी शाळा मुलाचा कायम शिक्षण क्रमांक व जन्मतारीख घालून ते उचलते. जुन्या शाळेने नाव सोडलं नाही की नवी शाळा घाईत नवीनच नोंद करते आणि एका मुलाचे दोन क्रमांक होतात. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना ते बाहेर येतं. प्रवेशानंतर महिनाभराने वर्गशिक्षकांना एवढंच विचारा: ‘नाव ऑनलाइन आलं का, जुन्याच क्रमांकावर?’

जन्मदाखला नाही, आधार नाही. प्रवेश मिळेल का?

मिळेल. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही (शिक्षण हक्क कायदा, कलम १४) आणि मुदत संपली म्हणूनही नाही (कलम १५). समितीने आदेशात नोंदवलेलं वय बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे त्या कायद्यापुरतं खरं वय मानलं जातं, म्हणून आदेशावरची जन्मतारीख नीट तपासा. जन्मतारखेऐवजी ‘अंदाजे ९ वर्षे’ असं असेल तर शाळा मनाने १ जून टाकते, आणि तीच तारीख जन्मभर चिकटते.

शाळेच्या रजिस्टरमध्ये पालक म्हणून आमचं नाव लागेल का? आडनाव?

वडिलांचं नाव, आडनाव, जात यांना हात लावू नका. प्रतिपालकत्व म्हणजे दत्तक नव्हे. मुलाची जात जन्मदात्यांचीच राहते आणि जातीच्या दाखल्याला पुढे जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या प्रवेश-नोंदवहीचा, उताराच लागतो. प्रेमापोटी आडनाव बदललं की दहावीनंतर त्या मुलाला तीन कार्यालयांत प्रतिज्ञापत्रं देत फिरावं लागतं. ‘स्थानिक पालक’ किंवा ‘संपर्कासाठी व्यक्ती’ या जागी मात्र तुमचं नाव, पत्ता, फोन असायलाच हवा. नावाच्या शुद्धलेखनातल्या चुका असतील तर त्या शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. दाखला निघाल्यावर ते काम दसपट वाढतं.

शाळेत किती सांगायचं?

मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, बस्स. त्यांनाही एवढंच: मूल समितीच्या आदेशाने आमच्याकडे आहे, न्यायला हीच माणसं येतील, अमुक गोष्टीने ते घाबरतं. आईवडिलांचं काय झालं हे सांगायची गरज नाही. अशा मुलाची ओळख माध्यमांत उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आमच्या शाळेतल्या अनाथ मुलाला मदत’ असा फोटो टाकणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. प्रवेशाच्या दिवशीच सौम्यपणे सांगून ठेवा.

शिक्षकांना आणखी एक गोष्ट आधी सुचवा. ‘माझे कुटुंब’ हा प्रकल्प पहिली-दुसरीत हमखास येतो, फोटो चिकटवायचा असतो. मुलाला कोणाचा फोटो लावायचा ते लावू द्यावं, नाही लावला तरी चालेल. उंटवाडीच्या बालगृहातून आलेल्या मुलाला तर ‘रिमांड होमचा’ हा शब्द चिकटलेलाच असतो. तो वर्गात कोणी उच्चारला तर शिक्षकांनी तिथल्या तिथे थांबवायला हवं.

ने-आण करण्याचा खर्च कोण देतं?

वेगळा प्रवासखर्च मिळत नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागे दरमहा ४००० रुपये, किंवा राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून दरमहा २२५० रुपये. एका मुलासाठी दोन्ही एकदम नाहीत. वह्या, डबा, प्रवास सगळं त्यातूनच. पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतील या भरवशावर व्हॅन लावू नका. हप्ते तुंबतात आणि मग तीन-चार महिन्यांचे एकदम येतात. पहिल्या तीन महिन्यांचा प्रवास आपल्या खिशातून निभेल का, ते आधी बघा.

समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतला वाहतूक भत्ता यासाठी मिळेल का, असं बरेच जण विचारतात. तो ज्या वस्तीपासून ठरलेल्या अंतरात शाळाच नाही तिथल्या मुलांसाठी आहे. राज्याच्या नियमात हे अंतर पहिली ते पाचवीला १ किलोमीटर, सहावी ते आठवीला ३ किलोमीटर आहे. नाशिक शहरात तुमच्या घराजवळ शाळा असणारच, त्यामुळे जुनी शाळा टिकवण्यासाठी तो मिळत नाही.

बसचा पास कसा काढायचा?

शहरात सिटीलिंक. शाळेचं बोनाफाईड, फोटो, ओळखपत्र आणि शाळेच्या सही-शिक्क्याचा अर्ज लागतो. पास घर ते शाळा या मार्गाचा असल्याने, मुलाचा आधीचा पास असेल तर तो तुमच्या घरापासून चालणार नाही. आधारवर जुना पत्ता असेल तर बोनाफाईडवर सध्याचा पत्ता घालून मागा आणि सोबत आदेशाचं फक्त पहिलं पान दाखवा. संपूर्ण आदेशाची झेरॉक्स खिडकीवर देऊ नका, त्यात मुलाची सगळी कहाणी असते.

तालुक्याच्या गावांकडून एसटी. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत. आता हे पास शाळेतच वाटले जातात, तेव्हा आगारात खेटे घालण्याआधी शाळेच्या कार्यालयात चौकशी करा. मुलाला सोडायला बाई जात असतील तर मार्च २०२३ पासून त्यांना एसटीत अर्धं तिकीट आहे. मूल मात्र पासवर आणि सोबतचं माणूस तिकिटावर, हा खर्च हिशोबात धरायला विसरतात.

व्हॅन किंवा रिक्षा लावायची झाली तर?

स्कूलबससाठी राज्याचे २०११ चे वेगळे नियम आहेत. गाडी पिवळी, वेगनियंत्रक, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, मुली असतील तर महिला मदतनीस. प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. व्हॅनवाल्याला तीन प्रश्न विचारा: शाळेशी करार आहे का, योग्यता प्रमाणपत्र कधी संपतं, आणि पैसे दहा महिन्यांचे की बारा? तिसऱ्यावर मे महिन्यात वाद होतात. गाडी एकदा स्वतः येऊन बघा. मागच्या सीटखाली गॅसची टाकी आणि वर आडवी फळी टाकून मुलं बसवलेली दिसली तर तिथूनच परत फिरा.

सत्रही विचारा. फेब्रुवारी २०२४ च्या परिपत्रकानुसार चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नसतात, पण माध्यमिकचं सकाळचं सत्र सातला सुरू होतं. भाऊ सातवीत आणि बहीण दुसरीत असेल तर एकच शाळा असूनही व्हॅन दोन लागतात. शनिवारचं वेळापत्रक वेगळं, ते पहिल्याच आठवड्यात फ्रिजवर लावा.

शाळा सुटताना जन्मदाते फाटकावर आले तर?

भेट घ्यायला त्यांना मनाई असतेच असं नाही. समितीने मुलाच्या हिताविरुद्ध ठरवलं नसेल तर ते भेटू शकतात, पण ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी. फाटक ही ती जागा नव्हे. शिपायाला माणसांचे फोटो द्या, नुसती नावं नकोत. दुपारी साडेबाराच्या गर्दीत तो यादी वाचत बसत नाही. मुलाबरोबर एक खुणेचा शब्द ठरवा. न्यायला आलेल्या माणसाला तो सांगता आला नाही तर मुलाने परत वर्गात जाऊन बसायचं. आठवडाभर रोज घरी याचा खेळ केला की पाठ होतं. तरीही ओढाताण झाली तर १०९८ (मुलांची हेल्पलाइन) आणि ११२ (पोलीस), दोन्ही नंबर शाळेच्या कार्यालयातही लिहून ठेवा.

पावसाळ्यात आणि सिंहस्थात काय?

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदाकाठचे रस्ते बंद होतात. नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावरून पूर मोजतात. मूल पंचवटीतून नदीपलीकडे शाळेत जात असेल तर पाणी कमरेला असतानाच निघून जुन्या गावठाणात कोणा ओळखीच्यांकडे थांबायची सोय ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत तपोवन, पंचवटी, त्र्यंबक रस्त्याला वाहनबंदी होणार हे धरूनच चाला. ज्यांचं मूल त्या वर्षी या भागातून प्रवास करणार आहे त्यांनी पर्यायी मार्ग आतापासून पायी फिरून बघावा.

मूल सुरगाणा किंवा पेठकडून आलंय, शहरातल्या वर्गात बोलतच नाही.

मतिमंद आहे का, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलाला शहरातली मराठी समजायला वेळ लागतो, आणि सेमी-इंग्रजी वर्गात तर गणितही परक्या भाषेत. शक्यतो पूर्ण मराठी माध्यम घ्या. वयानुरूप वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण मागण्याचा हक्क शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ देतं. ते लेखी मागा.

मूल परत गेलं किंवा दुसऱ्या कुटुंबात गेलं तर आम्ही काय द्यायचं?

एक फाईल. बोनाफाईड, प्रगतिपुस्तकं, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, कायम शिक्षण क्रमांक, आधारची प्रत, पासची प्रत, लसीकरण कार्ड आणि एका कोऱ्या पानावर तुमच्या अक्षरात: कोणता धडा चालू आहे, पाढे कुठपर्यंत येतात, वर्गात कोणाशेजारी बसतं, बसमध्ये उलटी होते का. समितीच्या मासिक पाहणीला येणाऱ्यांना दर वेळी हीच फाईल दाखवत गेलात तर ती आपोआप भरत जाते. दप्तर, डबा आणि पाण्याची बाटली मुलाबरोबरच द्या, नवी आणून दिली तरी जुनीही द्या.